गंजीआडचे दिवे

आमचे वासुमामाजी कुठंही गेले की आधी हात पसरतात. लग्नाचा हॉल असो, बँक असो, दवाखाना असो, दारात चप्पल काढली की दोन्ही तळवे पोटासमोर धरायचे आणि मान खाली घालून त्यांच्याकडे पाहत राहायचं. अनोळखी माणसाला वाटतं, म्हातारा काहीतरी मागतोय. पिपरी मेघेतल्या एका लग्नात वाढप्यानं त्यांच्या हातावर बुंदी ठेवली होती. एका तेरवीत तर कोणीतरी दक्षिणेचं नाणं ठेवलं. मामाजींनी नाणं नाकारलं नाही आणि खिशातही टाकलं नाही. त्याची सावली तळहातावर कुठल्या बाजूला पडते ते नीट पाहिलं आणि ज्याचा बाप गेला होता त्या बिचाऱ्या यजमानाला म्हणाले, "तुमचा दिवा पाठीमागून मारून राह्यला. जेवनाऱ्याले ताटातला केसबी दिसनार नाई."

मामाजी उजेड तपासतात. घरातल्या बल्बशी त्यांना देणंघेणं नाही. मोठी छतं, उंच छतं, ज्याखाली शंभर माणसं एकदम काम करतात, जेवतात किंवा ताटकळतात, ती त्यांची. असल्या छताखाली गेल्यावर आपण सगळे वर पाहतो आणि म्हणतो, काय झगमगाट आहे! मामाजी खाली पाहतात. त्यांचं एकच म्हणणं, "दिवा छतासाठी नसते, हातासाठी असते." हे वाक्य त्यांनी नवरदेवाला ऐकवलं आहे, बँकेच्या मॅनेजरला ऐकवलं आहे आणि एका मंत्र्याच्या सभेत, मंत्री बोलत असताना, शेजारच्या हवालदाराला ऐकवलं आहे.

तरुणपणी ते पुलगावकडच्या एका सूतगिरणीत वायरमन होते. पुढे स्वतःची ठेकेदारी काढली. गोदामं, डाळमिल, मंगल कार्यालयं, जिथं छत उंच तिथं मामाजी शिडी लावायचे. आता सत्तरीला टेकले, नवी कामं येत नाहीत, पण शिडी अजून अंगणात उभी आहे आणि मामाजींचा स्वभाव तिच्या वरच्या पायरीवर. सुमनमामी गेल्या त्याला काही वर्षं झाली. मुलगा पुण्याला असतो. त्यानं एकदा हौसेनं बापाला राहायला नेलं, तर आठवडा व्हायच्या आत मामाजी परत. मी विचारलं, "काय झालं मामाजी? सुनेशी पटलं नाही का?"

"सून लाखाची हाय," मामाजी म्हणाले. "पन त्याईनं दिवे छताच्या आत लपवून ठेवले हायत. दिवा दिसत नाई, नुसता उजेड येते. चोरीचा माल हाय काय तो, लपवाले?"

मामाजींना ज्ञानी म्हाताऱ्याचा मान देण्याची घाई करू नका. हवामान, राजकारण आणि औषधपाणी या तिन्ही विषयांत त्यांचं म्हणणं आजवर एकदाही खरं ठरलेलं नाही. माझ्या मुरगळलेल्या पायाला त्यांनी असला लेप लावला की पाय बरा झाला, पण कातडी गेली. ज्या उमेदवाराला ते "निघाला म्हनजे निघालाच" म्हणतात, त्याचं डिपॉझिट जातं. आणि भांडण तर त्यांना चहासारखं लागतं. गेल्या वैशाखात एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना हे गृहस्थ टेबलावर चढले आणि हॅलोजन फिरवू लागले. मुलीचा मामा ओरडला, तर हे वरून म्हणाले, "नवरीचं तोंड अंधारात हाय! उद्या नवरदेव म्हनन, दाखवली ते वेगळी व्हती. मंग याजो माह्याकडे रडत!"

मी त्यांची शेजारीण. पत्रकं वाचत वाढलेली मुलगी. आमच्या घरी ज्वारीच्या डब्यांत तळाला बाबांची जुनी पत्रकं अंथरलेली असायची. ज्वारी संपत आली की खालून 'कामगारांनो, जागे व्हा' दिसू लागायचं. त्यामुळे महिनाअखेर आणि क्रांती या दोन गोष्टी माझ्या डोक्यात कायमच्या जोडल्या गेल्या. मामाजी मला 'लीडर' म्हणतात. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती हे मी कधी मोजलं नाही.

आता मुख्य गोष्ट. नालवाडीच्या पुढं रस्त्याला लागून एक जिनिंग आहे. जिनिंग म्हणजे जिथं कापसातली सरकी काढून रुई वेगळी करतात आणि गाठी बांधतात तो कारखाना. नाव सांगत नाही, आपल्या जिल्ह्यात असल्या जिनिंगा बऱ्याच आहेत आणि शेठही बरेच आहेत. मी तिथं काट्यावर बसते. कापसाच्या गाड्या येतात, मी वजनाच्या पावत्या फाडते. कापूस शेडमध्ये ओततात आणि त्याची गंजी लागते. गंजी म्हणजे ढीग, पण ढीग म्हटलं की गुडघाभर उंची डोळ्यांसमोर येते. ही गंजी खिडक्या बुजवून पत्र्याच्या दिशेनं चढत जाते. तिच्या पायथ्याशी बायका ओळीनं बसतात आणि मशीनकडे जाणाऱ्या कापसातून पिवळी कवडी म्हणजे किडका, डागी कापूस, प्लॅस्टिकच्या पन्नीचे तुकडे, सुतळीचे धागे वेचून काढतात. सगळी जिनिंग चालते ती या बायकांच्या नजरेवर. गाठ चांगली निघाली तर नाव मशीनचं होतं आणि खराब निघाली तर बायकांचं.

शेडचे दिवे जुने झाले होते. शेठजींनी नवे बसवायचं ठरवलं आणि ते ठरवलं उन्हाळ्यात. त्यात वरवर चूक काहीच नव्हती. हंगाम संपलेला, शेड झाडूनपुसून रिकामी, मिस्त्री मोकळे. आपल्याकडे जिनिंगची सगळी दुरुस्ती उन्हाळ्यातच होते. एका दिव्याच्या कंपनीचा माणूस लॅपटॉप घेऊन आला. तरुण, इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणारा. जुनी वायर पत्र्याखालून कुठून कुठं गेली आहे ते फक्त मामाजींना माहीत, म्हणून त्यांनाही बोलावलं. उन्हाळ्यात काट्यावर काम नसतं, पण मी रजिस्टर झाडण्याच्या निमित्तानं तिथं होते.

कंपनीच्या माणसानं लॅपटॉप उघडला. शेडचा नकाशा, त्यावर हिरवा, पिवळा, लाल रंग. "सर, शेडच्या मधल्या वाटेवर दोन रांगा. तीस फुटांवरून हे हायबे दिवे. एकदम पांढराशुभ्र उजेड. पूर्ण फ्लोअरवर कुठंही डार्क स्पॉट नाही."

शेठजींनी मान डोलावली. मामाजी हात पसरून रिकाम्या शेडमध्ये गोल गोल फिरत होते. ते परत आले आणि लॅपटॉपवर वाकले.

"कापूस कुठं हाय?"

"कापूस?"

"या शेडमंधी कापूस राह्यते. तुमच्या फोटोत नाई दिसत."

"काका, तो हंगामात येईल ना."

"अन् बाया?"

"कोणत्या बाया?"

"ज्या बसतात त्या. त्याईची पाठ मधल्या वाटेकडे राह्यते अन् तोंड गंजीकडे. गंजी चढली का समोरच्या खिडक्या झाकल्या जातेत. उरले पाठीमागचे दिवे. म्हनजे बाईची सावली तिच्याच हातावर. मंग ते वेचन काय, सावली?"

कंपनीचा माणूस समजुतीनं हसला. "काका, सॉफ्टवेअरमध्ये माणसं टाकत नाहीत. रिकामी जागाच धरतात."

हे वाक्य मी तेव्हाच मनात छापून ठेवलं. मी आजवर वाचलेल्या कुठल्याही पत्रकात या व्यवस्थेचं इतकं नेमकं वर्णन सापडलं नव्हतं.

मामाजी त्या दिवशी गप्प घरी गेले. मला तेव्हाच भीती वाटायला हवी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी जिनिंगच्या फाटकातून एक ट्रॉली आत आली आणि तिच्यात मंगल कार्यालयातल्या गाद्या. सगळ्या. ज्यांच्या हॉलचे दिवे मामाजींनी बसवले होते, त्यांच्याकडून त्यांनी त्या दिवसभरासाठी मागून आणल्या होत्या. गादीवर गादी, गादीवर गादी, असं करत त्यांनी शेडमध्ये चांगली दीड माणूस उंचीची गंजी उभी केली. तिच्यावर पांढऱ्या चादरी टाकल्या. मग मला पायथ्याशी बसवलं, पाठ वाटेकडे, तोंड गाद्यांकडे, आणि मांडीवर सुपात तांदूळ दिले.

"निवड."

"मामाजी, मला तांदूळ निवडता येत नाहीत."

"मंग क्रांती कशी करशीन? खडे काढ म्हनलं."

शेठजी आणि कंपनीचा माणूस आले तेव्हा शेडचं दार आणि खिडक्या ओढून घेतलेल्या, नमुन्याचे दोन दिवे पेटवलेले, मी सुपात नाक खुपसून बसलेली आणि मामाजी गाद्यांच्या शेजारी गडाच्या किल्लेदारासारखे उभे.

"वासुदेवराव, हे काय मांडलं? वरात उतरवाची हाय काय इथं?" शेठजी म्हणाले.

"मांडलं तुमच्यासाठीच. या, खाली बसा. पोट्टीच्या शेजारी. अन् सुपातला खडा दाखवा."

मला खरंच दिसत नव्हतं. माझ्या डोक्याची सावली बरोबर सुपात पडत होती. मी तसं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात कंपनीच्या माणसानं उजेड मोजायचं यंत्र काढलं आणि ते ठेवायला सोयीची जागा म्हणून गाद्यांच्या मधल्या फटीत खुपसलं. गाद्या मंगल कार्यालयाच्या. जन्मभर पाहुण्यांखालून सरकत आलेल्या. वरची सरकली, तिच्यामागून दुसरी, आणि पाहता पाहता आख्खी गंजी कंपनीच्या माणसावर झोपली. त्याला आम्ही चादरीतून उकरून काढला. शेठजी इतके हसले की त्यांना खुर्ची आणावी लागली. हसणाऱ्या माणसाला काही पटवता येत नाही. दिवे तेच ठरले, जागा तीच ठरली.

मामाजी गाद्या मोजून परत ट्रॉलीत टाकताना एवढंच म्हणाले, "रिकाम्या घरात सारेच दिवे चांगले असते."

दिवाळीनंतर शेड भरली. नव्या दिव्यांसमोर नारळ फुटला. शेठजींचे पाहुणे मधल्या वाटेवर उभे राहून वर पाहत म्हणाले, "दिवसासारखं वाटते हो!" खरंच वाटत होतं. वाटेवरून जाणाऱ्या ट्रॅक्टरचा नंबर लांबून वाचता येत होता. ट्रॅक्टरला कापूस वेचायचा नव्हता, एवढीच अडचण होती.

वाटेच्या कडेला, गंजीच्या पायथ्याशी, बायका आपापल्या सावलीत बसल्या होत्या. खिडक्या गंजीनं बुजलेल्या, त्यामुळे भर दुपारीही तेच. त्यातून तो निळसर पांढरा उजेड. त्यात पिवळी कवडी पांढऱ्या कापसात बेमालूम मिसळून जायची. शेवंताबाई त्या ओळीत सगळ्यांत जुनी. तिचा हात कापसावरून चालतो तेव्हा आपण फक्त हात पाहतो, वेचलेलं बाजूला कधी पडलं ते कळत नाही. तीही कापूस उचलून डोळ्यांपाशी नेऊ लागली. म्हणाली, "हा कापूस हाय का पिठलं, काई समजून नाई राह्यलं."

संक्रांतीच्या आधी व्यापाऱ्याची तक्रार आली. गाठींत कवडी निघते, पन्नी निघते. शेठजींनी दोन दिवस ओळीमागून फेऱ्या मारल्या, म्हणजे त्यांची स्वतःची सावली बायकांच्या सावलीत मिळवली, आणि निकाल दिला: बायांचे डोळे गेले. शेवंताबाई आणि तिच्या वयाच्या बायकांनी संक्रांतीनंतर येऊ नये. तरुण बायका घेऊ.

ज्या बाईचा आख्खा संसार या वेचण्यावर उभा राहिला, तिला तुझे डोळे गेले म्हणून घरी बसवायचं, आणि तेही तिच्या पाठीमागे दिवा टांगून! मी त्याच संध्याकाळी पत्रक लिहिलं. 'अंधाराच्या सौदागरांनो' अशी सुरुवात होती आणि शेवटपर्यंत एकही वाक्य खाली बसत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मामाजी वायर तपासायला शेडमध्ये आले होते, तिथं त्यांना दिलं. ते मुद्दाम शेवंताबाईच्या शेजारी, वाटेकडे पाठ करून बसले, कागद समोर धरला, लांब नेला, जवळ आणला.

"दिसून नाई राह्यलं. तुह्या पत्रकाले बी उजेडच लागते, लीडर."

"मामाजी, ही थट्टेची वेळ आहे का? हा अन्याय आहे."

"हाय ना. पन शेठ चोर नाई, बह्याड हाय. चोराले पत्रक लागते. बह्याडाले दाखवा लागते."

शेठ नुसता खुळा आहे, यावर माझं मत आजही वेगळं आहे. ज्या चुकीचा भुर्दंड दरवेळी दुसऱ्यालाच बसतो, ती नुसती चूक नसते. हे मी तेव्हाही म्हटलं. शेवंताबाई कापसातून हात न काढता म्हणाली, "तुमचं दोघाईचं ठरलं का मले सांगजा. तवरक मी घरी गेली असन."

शेठजींना वाईट दिसायचं नव्हतं. त्यांनी बायकांना काढण्याआधी डोळ्यांची तपासणी ठेवली, स्वखर्चानं. गावातले एक तरुण डोळ्यांचे डॉक्टर बोलावले. ऑफिसात खुर्ची मांडली, समोरच्या भिंतीवर तक्ता लावला, तो असतो ना, तीन दांड्यांचं चिन्ह, दांड्या कुठल्या बाजूला वळल्या ते सांगायचं. ऑफिसात मोठी खिडकी होती. माझा काटा ऑफिसला लागूनच, त्यामुळे पुढचं सगळं माझ्यासमोर घडलं.

मामाजी दारात येऊन उभे राहिले.

"डाक्टरसाहेब, डोळे कुठं गेले म्हनतात?"

डॉक्टर गोंधळले. "म्हणजे?"

"हरवलेली वस्तू जिथं हरवली तिथंच पाहतेत ना? या बायाईचे डोळे शेडमंधी गेले. घरी त्या सुईत दोरा ओवतेत. मंग हापिसात काऊन तपासता? जिथं गेले तिथंच तपासा."

"वासुदेवराव, तुमचं काम वायरचं हाय," शेठजी म्हणाले.

"वायरच्या टोकाले दिवा राह्यते शेठजी. अन् दिव्याच्या टोकाले बाई."

बोलावणं आलं होतं तरी शेडमधून एकही बाई उठली नाही. मुकादम जाऊन परत आला. "शेवंताबाई म्हनते, मी जाग्यावरून नाई उठत. डाक्टरसाहेबाले इकडेच धाडा." ही गोष्ट मामाजींनी शिकवलेली नव्हती, हे मी शपथेवर सांगते. ते स्वतःच चमकले.

डॉक्टर भले होते. म्हणाले, "चला, मला काय!" तक्ता एका बांबूला बांधून बांबू गंजीच्या पायथ्याशी रोवला. शेवंताबाई आपल्या जागी, आपल्या सावलीत.

"मावशी, वरचं चिन्ह कुठल्या बाजूला आहे?"

"कागद पांढरा हाय, इतकं दिसते."

"त्याखालचं?"

"त्याच्याखाली कापूस हाय."

दुसरी आली, तिसरी आली. तेच. शेठजींचा चेहरा उजळला. "पाहा! मी काय म्हटलं होतं?"

डॉक्टर उठले. कुठली ओळ ते पेनानं दाखवावं म्हणून तक्त्याजवळ गेले, वाकले, आणि वाकलेलेच राहिले. चष्मा काढून पुसला. पुन्हा लावला. त्यांच्याच डोक्याची सावली तक्त्यावर पडली होती. ते डावीकडे सरकले, सावलीही सरकली.

"शेठजी," ते म्हणाले, "मलाच ओळ सापडत नाहीये. हे बाहेर घेऊ या का?"

शेडमध्ये पहिल्यांदा एक बाई हसली. मग ओळच्या ओळ हसली. मशीनच्या आवाजावर ते हसणं ऐकू आलं.

बाहेर उन्हात शेवंताबाईनं तक्ता वरून खालपर्यंत धडाधड सांगितला आणि वर डॉक्टरांना म्हणाली, "तुमच्या खिशाले शिवाले दोरा वेगळ्या रंगाचा लावला हाय. कोनी शिवला?" डॉक्टरांनी खिसा पाहिला. बाकीच्याही पास झाल्या. एकीला मात्र खरंच मोतीबिंदू निघाला. मामाजी तिच्यावरच चिडले. "तुले आजच निघाचा होता काय? सारी बाजू कमजोर केली!" डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन साधं आहे, मी करतो. मामाजींनी नाइलाजानं मोतीबिंदू माफ केला.

शेठजी शेडमध्ये गेले. शेवंताबाईच्या जागेवर, कापसात, पांढऱ्या पायजम्यानिशी बसले. मूठभर कापूस उचलला आणि बराच वेळ पाहत राहिले. उठले तेव्हा फक्त म्हणाले, "कुठं टांगाचे ते सांगा."

मामाजींनी सांगितलं नाही. त्यांनी बायकांना विचारलं. गंजी जागेवर, बाया जागेवर आणि मिस्त्री शिडीवर. "आनखी खाली... माह्या डोळ्यात येते, थोडा तिकडे... हां, आता हात दिसला!" दिवे मधल्या वाटेवरून निघून बायकांच्या डोक्यापुढे, गंजीच्या बाजूला, खाली उतरले. निळसर उजेड गेला, उन्हाच्या जवळचा आला. उडणारी रुई बसू नये म्हणून वरून बंद झाकणाचे दिवे घेतले. कंपनीचाच माणूस ते घेऊन आला होता. गादीखालून निघालेला माणूस, पण या वेळी त्यानं बायकांना विचारून विचारून खुणा केल्या. मी त्याला मनातल्या मनात अर्धं माफ केलं.

कोणालाही काढलं नाही. पण शेठजींना हसणं विसरता आलं नाही. उन्हाळ्यातलं नव्हे, ते त्यांचं स्वतःचं होतं. हे दुसरं, बायकांचं. त्यांनी मामाजींना ऑफिसात बोलावून सांगितलं, "दिवे तुमच्या मनासारखे झाले. आता तुम्ही या फाटकाच्या आत दिसाले नको. माझ्या शेडची गावभर शोभा केली तुम्ही."

मी काट्यावरून उठून उभी राहिले. माझ्याजवळ पत्रक तयार होतं. मामाजींनी मला हातानंच बसवलं.

"मंजूर," ते शेठजींना म्हणाले. "फक्त दिवे पुसाले मानूस ठेवजा. हप्त्याले एकदा." आणि निघाले. फाटकातून बाहेर पडताना मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. मला वाटलं, काय हा ताठा! असं जिंकून असं निघून जाता आलं पाहिजे.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी मी काट्याच्या खिडकीतून पाहिलं, तर फाटकासमोर, रस्त्याच्या पलीकडे, चहाच्या टपरीवर मामाजी. तिसऱ्या दिवशीही. घरापासून इतक्या लांब, सायकल मारत. मी जाऊन विचारलं, तर म्हणाले, "याचा चहा चांगला राह्यते." टपरीवाला स्वतः चमकला, कारण त्याच्या चहाबद्दल असं आजवर कोणी बोललं नव्हतं. मामाजी बोलत होते माझ्याशी आणि पाहत होते फाटकाकडे. शेडमध्ये काम असायचं तेव्हा दुपारी ते बायकांच्या गोलात बसायचे, हे मला माहीत होतं. कोणाची भाकर, कोणाचा ठेचा आणि प्रत्येकीच्या भाजीला नावं ठेवणं. ते दुपारचं जेवण त्यांना किती दिवसांपासून पुरत होतं, हे मात्र मी शेजारीण असून कधी विचारलं नव्हतं.

मी माघारी येऊन काट्यावर बसले. सुट्टीचा भोंगा झाला. शेडच्या दारातून शेवंताबाई बाहेर आली, हातात डबा. तिच्यामागे दुसरी, तिच्यामागे सगळी ओळ. रोज जेवायला बसायच्या त्या आतल्या भिंतीकडे वळल्या नाहीत. सरळ फाटकाकडे आल्या.

चौकीदार पुढे झाला. "ओ बाई, कुठं चालल्या? आत जेवा ना."

"मामाजीले आत बंदी हाय," शेवंताबाई म्हणाली. "आमाले बाहेर बंदी हाय काय? जा, शेठजीले इचारून ये."

चौकीदार ऑफिसकडे पाहत राहिला. ऑफिसच्या खिडकीत शेठजी उभे होते.  बायका रस्ता ओलांडून गेल्या आणि टपरीमागच्या कडुनिंबाखाली, धुळीत, बसल्या. मीही माझा डबा उचलला. नोकरीचं नंतर पाहू.

"सरका मामाजी," शेवंताबाई म्हणाली. तिनं डब्याच्या झाकणात भाकर ठेवली, वर वांग्याची भाजी घातली आणि त्यांच्यासमोर सरकवली. मामाजींनी घास घेतला.

"मीठ कमी हाय."

"मंग घरून आनत जा आपलं."

"घरी..." मामाजी म्हणाले. भाकरीचा तुकडा हातात तसाच. "एकट्यासाठी कोन पेटवते. गॅस वाया जाते उगाच."

  शेवंताबाईनं त्यांच्याकडे न पाहता आणखी एक भाकर झाकणात टाकली.

"उद्या कायची भाजी आनू ते सांगा. मंग म्हनू नका मीठ कमी, तिखट जास्त."

ज्या माणसाला मंत्र्यापासून मोतीबिंदूपर्यंत सगळ्यावर मत असतं, त्यानं हातातला तुकडा भाजीत बुडवला. 

"कोनतीबी आन," मामाजी म्हणाले. "पन याजा."

पलीकडे शेडचा भोंगा झाला, सुट्टी संपल्याचा. चौकीदारानं फाटकातून हात केला. मामाजींच्या झाकणात अजून अर्धी भाकर होती. एकही बाई उठली नाही.